'ओन्ली' नेमका कुठे लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीचे जेमतेम शंभर शब्द येणाऱ्यालाही 'ओन्ली' येतो. आणि वीस वर्षं इंग्रजीत ऑफिस चालवणाऱ्याचं वाक्यही नेमकं याच शब्दापाशी ठेचकाळतं. मी भाषांतराची कामं करतो आणि संध्याकाळी मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. वर्गात 'ओन्ली'वरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, मोठ्याने वाचून बघता यावीत म्हणून.

'ओन्ली'ला मराठीत एक शब्द सांगा ना.

एक नाही सांगता येत. फक्त, केवळ, मात्र, नुसता, एकुलता, '-शिवाय नाही' आणि चक्क 'पण' हे सगळे वेगवेगळ्या वाक्यांत त्याच्या जागी बसतात. पण बहुतेक ठिकाणी त्याचं काम एकच असतं: बाकीच्यांना बाहेर ठेवणं. 'ओन्ली टी' म्हटलं की कॉफी, सरबत, बिस्किटं सगळी दाराबाहेर. म्हणून मी वर्गात एकच कसोटी देतो. 'ओन्ली' लिहिलात की स्वतःला विचारा, 'मी बाहेर कुणाला ठेवलं?' उत्तर पटकन देता आलं तर शब्द बहुधा बरोबर आहे. उत्तरच सापडेना, तर तुमच्या मनात 'ओन्ली' नव्हता, मराठी 'च' होता.

हा शब्द आला कुठून?

'वन' आणि 'लाइक' यांच्या जुन्या रूपांपासून. म्हणजे 'एकासारखा', 'एकटाच'. 'वन' या शब्दाचा उच्चार पुढे बदलला आणि त्याला सुरुवातीला 'व' चिकटला, पण 'ओन्ली'त जुना 'ओ' तसाच राहिला. 'अलोन'मध्येही तोच जुना 'ओन' दडलेला आहे. 'ऑल' अधिक 'वन', म्हणजे अगदी एकटा. 'अलोन'चं डोकं उडून 'लोन' झाला आणि त्यातून 'लोनली'. त्यामुळे 'ओन्ली' आणि 'लोनली' दिसायला सख्खे वाटले तरी चुलत आहेत. एवढं पुरे.

फक्त, केवळ, मात्र यांत फरक काय? कुठलाही वापरला तर चालतो का?

बऱ्याचदा चालतो, पण तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. 'फक्त' अरबीतल्या 'फकत'वरून फारसीमार्गे आला आणि येताना त्याचे 'क' आणि 'त' एकमेकांना चिकटले. तो रोजच्या वापरातला. 'केवळ' संस्कृत वळणाचा, भाषणात आणि अग्रलेखात शोभणारा. शिवाय त्याला एक जादा अर्थ आहे: 'केवळ अप्रतिम!' इथे कुणालाच वगळलेलं नाही, इथे तो 'निव्वळ' आहे. या वाक्याचं भाषांतर 'ओन्ली वंडरफुल' असं केलंत तर तुमचं कौतुक ऐकणाऱ्याला टोमणा वाटेल. 'सिंपली' किंवा 'शिअर' घ्या.

'मात्र' तर बहुरूपी आहे. 'शंभर रुपये मात्र' यात तो 'ओन्ली'. 'सगळे आले, ती मात्र आली नाही' यात तो 'पण'. 'नाममात्र'मध्ये तो 'नावापुरता' आणि 'प्राणिमात्र'मध्ये तो थेट उलटा होऊन 'यच्चयावत सगळे प्राणी' होतो. एका शब्दात 'एवढंच' आणि 'सगळंच' दोन्ही राहतात, आणि आपल्याला कधी अडचण येत नाही. इंग्रजीला नावं ठेवण्याआधी हे आठवावं.

पण शाळेत तर शिकवलं होतं की 'च' म्हणजेच 'ओन्ली'.

मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत च, मात्र, फक्त, केवळ ही मंडळी 'कैवल्यवाचक' या एका खणात ठेवलेली असतात. स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करायला ते ठीक. भाषांतराला मात्र तो खण फार मोठा पडतो, कारण 'च' दर वेळी वगळतोच असं नाही. तो बोट दाखवतो. 'हेच, दुसरं नव्हे' असं बोट. त्या बोटातून कधी वगळणं निघतं, कधी ठामपणा, कधी राग, कधी नुसती घाई.

ही वाक्यं बघा. 'सगळेच आले.' सगळेच आले म्हटल्यावर वगळायला उरलं कोण? तरी 'च' आहे, आणि शोभतो. 'तोच शर्ट घातलास?' इथे 'च' म्हणजे 'सेम'. 'मी येणारच' म्हणजे 'आय विल डेफिनेटली कम'. 'मला नकोच' म्हणजे 'आय डोन्ट वाँट इट ॲट ऑल'. 'आलोच हं' म्हणजे 'जस्ट कमिंग', आणि हे म्हणणारा अर्ध्या तासाने येतो तो भाग वेगळा. 'तूच फोडलास ना कप?' याला 'इट वॉज यू हू ब्रोक द कप' असं वळण लागतं. 'ओन्ली यू ब्रोक द कप' म्हटलं तर बाकीच्यांनी कप न फोडल्याची तक्रार केल्यासारखी वाटते. 'खरंच?' तर 'रिअली?' आहे, 'ओन्ली'चा तिथे काडीचा संबंध नाही.

आणि 'पाचच रुपये द्या' मध्ये 'च' खरोखरीचा 'ओन्ली' आहे. सहा नकोत. अशा वाक्यात कसोटी लगेच उत्तर देते.

आणखी एक सवय इथूनच लागते. मराठीत आपण 'फक्त दहाच रुपये' असं दोन्ही बाजूंनी कुंपण घालतो, ते छान लागतं. इंग्रजीत 'ओन्ली टेन रुपीज ओन्ली' म्हणू नका, एक कुंपण पुरतं.

'आय ॲम हिअर ओन्ली' हे चूक आहे की नाही ते एकदा सांगून टाका.

आधी ते का होतं ते बघू. मराठीत 'च' शब्दाच्या शेपटीला चिकटतो: इथेच, घरातच, माझ्यामुळेच. विभक्ती लागली, शब्दयोगी लागलं, सगळं झालं की मग 'च'. आपण तोच साचा घेऊन 'हिअर'च्या शेपटीला 'ओन्ली' लावतो. हे एकट्या मराठी माणसाचं खूळ नाही. हिंदीत 'ही' आहे, गुजरातीत 'ज', कन्नडमध्ये 'ए', तमिळमध्ये 'तान', आणि ही सगळी बोटं शब्दाच्या मागूनच दाखवली जातात. कोकणीत तर आपल्यासारखाच 'च'. त्यामुळे मराठी माणूस बेंगळुरूला जाऊन 'आय ॲम लाइक धिस ओन्ली' म्हणाला तर समोरच्याला ते बिनबोभाट कळतं. दोघेही आपापली भाषाच बोलत असतात, फक्त शब्द इंग्रजी.

म्हणून भारतात आपापसात बोलताना मी याला चूक म्हणत नाही. ही भारतीय इंग्रजीची लकब आहे, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांपेक्षा ती वापरणारे कितीतरी जास्त आहेत.

अडचण होते ती वाचणारा बाहेरचा असला की. माझीच गोष्ट सांगतो. परदेशातल्या एका ग्राहकाला मी लिहिलं होतं, 'आय विल सेंड द फाइल टुडे ओन्ली.' मला म्हणायचं होतं, आजच पाठवतो, काळजी नको. त्याचं उत्तर आलं: आज मी प्रवासात आहे, लिंक गुरुवारपर्यंत चालू ठेवता येईल का? त्याने 'ओन्ली'चा इंग्रजी अर्थ घेतला होता. आज मिळेल, नंतर नाही. माझ्या तत्परतेची त्याला धमकी वाटली. तेव्हापासून पत्रात, अर्जात, परीक्षेत शेपटीचा 'ओन्ली' मी कटाक्षाने टाळतो आणि विद्यार्थ्यांनाही टाळायला लावतो.

मग 'आजच', 'इथेच', 'आत्ताच' यांना काय म्हणायचं?

बऱ्याचदा काहीच नाही. 'आय ॲम ॲट होम' एवढ्यात 'मी घरीच आहे' येऊन जातं. जोर हवाच असेल तर आवाजात द्या. लिहिताना 'राइट हिअर' म्हणजे इथेच, 'राइट नाऊ' म्हणजे आत्ताच्या आत्ता, 'जस्ट नाऊ' म्हणजे नुकतंच, 'धिस व्हेरी डे' म्हणजे अगदी आजच. 'आजच पाठवतो'ला 'आय विल सेंड इट टुडे' पुरतं. फार तर 'बाय धिस ईव्हनिंग' असं लिहा, त्याने विश्वास जास्त बसतो.

'टुडे इटसेल्फ' हा 'टुडे ओन्ली'चाच जुळा भाऊ. आपण एका 'च'चे दोन तुकडे करून एकाला 'ओन्ली' आणि दुसऱ्याला 'इटसेल्फ' नाव दिलं आहे. 'टुडे इटसेल्फ'ने गैरसमज होत नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं की बोलणारा भारतीय आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. परीक्षेत मात्र नको.

वाक्यात 'ओन्ली' नेमका कुठे ठेवायचा?

मराठीत 'च' मागे, इंग्रजीत 'ओन्ली' सहसा पुढे. ज्याला कुंपण घालायचं त्याच्या लगेच आधी. एकच वाक्य घेऊन हा शब्द सरकवत नेऊ: 'माय ब्रदर लेंट मी टू हंड्रेड रुपीज यस्टरडे.' भावाने काल मला दोनशे रुपये उसने दिले.

'ओन्ली माय ब्रदर लेंट मी...' म्हटलं की बाकीच्या नातेवाइकांनी हात वर केले. 'माय ओन्ली ब्रदर' म्हटलं की मला एकच भाऊ आहे, इतकंच. नातेवाइकांची अब्रू वाचली. 'माय ब्रदर ओन्ली लेंट मी...' याचा काटेकोर अर्थ, उसने दिले, देऊन टाकले नाहीत. 'लेंट ओन्ली मी' म्हणजे मलाच दिले, बहिणीला नाहीत. 'लेंट मी ओन्ली टू हंड्रेड' म्हणजे मागितले असतील पाचशे. आणि 'ओन्ली यस्टरडे' म्हणजे अहो, कालच तर दिलेत, इतक्यात परत कसे मागता? शब्द तेच, आणि घरातलं राजकारण दर वेळी वेगळं.

पण इंग्रज स्वतः तर तो सरसकट क्रियापदाच्या आधी ठेवतात.

बरोबर पकडलंत. 'आय ओन्ली हॅव टू हंड्रेड रुपीज' असंच ते म्हणतात, 'आय हॅव ओन्ली' नव्हे. यावरचं भांडण जुनं आहे. बिशप रॉबर्ट लोथ यांनी १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात तक्रार केली होती की लोक 'मी तीन शब्दच बोललो' म्हणताना 'ओन्ली' तीनाच्या आधी न ठेवता 'बोललो'च्या आधी ठेवतात. पुढे शाळामास्तरांनी तो नियम डोक्यावर घेतला. १९२६ साली फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध वापरकोशात उलट बाजू घेतली: अर्थाचा घोटाळा होत नसेल तर नैसर्गिक जागेवर बसलेल्या 'ओन्ली'ला उगाच हलवू नये.

मी फाउलरच्या बाजूचा आहे, पण एक अट घालून. बोलण्यात आणि साध्या पत्रात तो क्रियापदाआधी असू द्या. करार, नियम, औषधाच्या सूचना आणि सोसायटीच्या नोटिसा यांत मात्र लोथचं ऐका. 'वॉटर विल ओन्ली बी सप्लाइड टू बी विंग इन द मॉर्निंग' अशी नोटीस लागली तर ए विंगला पाणीच नाही, की बी विंगला संध्याकाळी नाही? दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही विंगचे लोक सेक्रेटरीच्या दारात उभे राहतात. 'ओन्ली इन द मॉर्निंग' लिहिलं असतं तर निम्मी गर्दी कमी झाली असती.

बोलताना हा घोटाळा का होत नाही?

कारण आवाज काम करतो. 'ओन्ली' कुठेही असो, ज्या शब्दावर जोर द्याल त्यालाच कुंपण लागतं. कागदाला आवाज नसतो.

वेळेबरोबर 'ओन्ली' आला की मी गोंधळतो. 'द शॉप ओपन्स ओन्ली ॲट इलेव्हन' म्हणजे काय?

इथे बाहेर ठेवलेलं असतं ते आधीचं. दुकान अकराशिवाय उघडत नाही. 'दुकान फक्त अकराला उघडतं' असं भाषांतर वाचलं की ते मिनिटभर उघडून बंद होतं की काय असं वाटतं. तसंच 'ही विल कम ओन्ली ऑन मंडे' म्हणजे सोमवारशिवाय येणार नाही. आपलं '-शिवाय नाही' हे वळण इथे 'फक्त'पेक्षा कितीतरी चोख बसतं, आणि भाषांतर करणारे ते नेहमी विसरतात.

भूतकाळात उलट: 'आय मेट हर ओन्ली यस्टरडे' म्हणजे कालच तर भेटलो. 'ओन्ली जस्ट'चे दोन अर्थ. 'आय हॅव ओन्ली जस्ट अराइव्ह्ड', नुकताच पोचलोय. 'वी ओन्ली जस्ट कॉट द ट्रेन', गाडी कशीबशी मिळाली.

चेकवर रकमेच्या शेवटी 'ओन्ली' का लिहितात? नाही लिहिलं तर चेक परत येतो का?

त्या एका शब्दासाठी परत येत नाही. कायद्यात तशी सक्ती नाही. पण लिहावं, कारण तो तिथे कुलपासारखा आहे. 'फाइव्ह थाउजंड' लिहून पुढे कोरी जागा सोडलीत तर कुणीही 'नाइन हंड्रेड' जोडू शकतो. 'ओन्ली' लिहिलं की रक्कम तिथे संपली. मराठीत हेच काम 'रुपये पाच हजार फक्त' किंवा 'मात्र' करतो, आणि आकड्यांत तेच काम '५०००/-' मधली ती तिरकी रेघ करते. उर्दू कागदपत्रांतही रकमेनंतर 'फकत' लिहायची पद्धत आहे, म्हणजे आपला 'फक्त' या नोकरीत फार पूर्वीपासून आहे.

अक्षरी रकमेची एवढी काळजी का? कारण आपल्याकडच्या १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. व्यवहारात अशा फरकावरून बँक चेक परत पाठवू शकते, तरी खोडसाळ माणसाचा डोळा अक्षरांवरच असणार.

एक गोष्ट लोक विसरतात: 'ओन्ली' फक्त मागचं दार लावतो. पुढचं दार तुम्हीच लावायचं असतं. ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून लिहायला सुरुवात करा. 'फाइव्ह थाउजंड'च्या आधी बोटभर जागा सोडलीत तर तिथे 'ट्वेंटी' आरामात मावतो, आणि शेवटचा 'ओन्ली' बघत बसतो.

चेकच्या कोपऱ्यातल्या दोन रेघांमधला 'अकाउंट पेयी ओन्ली' हे वेगळं प्रकरण. तिथे कुंपण माणसाला आहे: पैसे ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याच खात्यात जमा करा, काउंटरवर रोख देऊ नका.

हीच युक्ती आधार किंवा पॅनकार्डाच्या झेरॉक्सवरही वापरा. प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, 'फॉर सिमकार्ड ओन्ली', खाली तारीख आणि सही. मराठीत लिहिलंत तरी चालतं.

पाट्यांवर 'ओन्ली' शेवटी कसा? 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली', 'कॅश ओन्ली'?

हा इंग्रजीचा स्वतःचा, अधिकृत शेपटीचा 'ओन्ली'. पाट्या, फॉर्म आणि मर्यादा सांगणाऱ्या तुटक वाक्यांत तो मागे बसतो: 'फॉर ऑफिस यूज ओन्ली', 'रीड ओन्ली'. इथे कसोटी लावून बघा, बाहेर कोण ते लगेच सांगता येतं. लोकलच्या महिला डब्यापाशी उभ्या असलेल्या पुरुषाला तर ते कुणी सांगावंही लागत नाही. 'आय ॲम हिअर ओन्ली'मध्ये तसं कुणीच बाहेर नसतं, म्हणून तो खटकतो. मागे आला हा त्याचा गुन्हाच नव्हे.

'इफ', 'ओन्ली इफ' आणि 'इफ ओन्ली' यांत नेहमी गल्लत होते.

सगळ्यांची होते, वकिलांचीसुद्धा. मराठीत उत्तर सोपं आहे, कारण आपल्याकडे 'तर' आणि 'तरच' असे दोन शब्द आहेत. 'इफ' म्हणजे 'जर... तर'. 'ओन्ली इफ' म्हणजे '...तरच'.

उदाहरण घ्या: 'यू कॅन व्होट ओन्ली इफ यू आर एटीन.' अठरा पूर्ण असतील तरच मत देता येईल. याचा अर्थ अठरा झाले की मत देता येईलच, असा नाही. मतदारयादीत नावही लागतं, आणि यादीत नाव सापडत नाही म्हणून परत फिरलेला माणूस प्रत्येक निवडणुकीत भेटतो. 'ओन्ली इफ' एक अट आवश्यक आहे एवढंच सांगतो. ती पुरेशी आहे असं सांगत नाही. जाहिरातीत 'ॲप्लाय ओन्ली इफ यू हॅव अ डिग्री' वाचून पदवी आहे म्हणजे नोकरी पक्की असं जितपत खरं, तितपतच.

दोन्ही हवं असेल तर गणितवाले 'इफ अँड ओन्ली इफ' लिहितात. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला 'जर आणि तरच' म्हणतात. या तीन शब्दांत तर्कशास्त्राचं अख्खं प्रकरण बसवणाऱ्याला माझा नमस्कार.

'इफ ओन्ली'चा मात्र या दोघांशी संबंध नाही. तो सुस्कारा आहे. 'इफ ओन्ली आय हॅड बॉट दॅट फ्लॅट!' तेव्हाच घेऊन टाकायला हवा होता तो फ्लॅट. इथे 'जर फक्त मी' असं भाषांतर करणाऱ्यांना मी दंड लावतो, वर्गाच्या चहाचा.

वाक्याची सुरुवात 'ओन्ली'ने केली की पुढचं उलटं का होतं?

'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.' तेव्हा कुठे मला समजलं. वेळ, जागा किंवा अट सांगणारा तुकडा 'ओन्ली'सकट पुढे आणला की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं, प्रश्न विचारल्यासारखं. 'ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह' यातही तेच. उलटापालट मुख्य वाक्यात होते, 'आफ्टर'च्या तुकड्यात नाही. पण 'ओन्ली'ने कर्त्यालाच धरलं असेल तर काही उलटत नाही: 'ओन्ली माय मदर नोज धिस.' परीक्षेत नेमकं हेच विचारतात. 'तेव्हा कुठे' हा मराठी तुकडा इथे लक्षात ठेवा, फार कामाचा आहे.

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरताना काय सांभाळायचं?

दोन्हींच्या पुढे एकाच जातीचा तुकडा ठेवा. 'शी नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो पेंट्स' बरोबर. आणि दोन कर्ते असतील तर क्रियापद जवळच्याच्या तालावर नाचतं: 'नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स वेअर लेट.' मराठीतलं 'नुसता... नव्हे, तर...' हे त्याचं अस्सल रूप. 'केवळच नाही तर देखील सुद्धा' असं काहीतरी सरकारी पत्रकांत वाचायला मिळतं, ते मराठी नव्हे.

'ओन्ली फ्यू पीपल केम' बरोबर का?

नाही. 'ओन्ली अ फ्यू'. तसंच 'ओन्ली अ लिटल'. तो चिमुकला 'अ' गिळू नका.

'ॲन ओन्ली चाइल्ड' आणि 'द ओन्ली चाइल्ड' एकच का?

'ॲन ओन्ली चाइल्ड' म्हणजे भावंडं नसलेलं मूल, आपला 'एकुलता एक'. 'द ओन्ली चाइल्ड' म्हणजे त्या ठिकाणी असलेलं एकच मूल. लग्नाच्या पंगतीत मोठ्यांमध्ये बसलेला एकटा पोरगा 'द ओन्ली चाइल्ड' असू शकतो आणि घरी त्याला तीन बहिणी असू शकतात. आईने 'ही इज माय ओन्ली सन' म्हटलं तरी मुली असू शकतात, वगळलेत ते फक्त इतर मुलगे.

'ओन्ली टू' हे दोन वेगळे प्रयोग आहेत म्हणे?

हो, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे स्पेलिंगने सांगतो. टी-ओ वाला: 'ही रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन.' धावत गेला, आणि बघतो तर काय, गाडी गेलेली. इथे 'फक्त' शोधत बसू नका. 'बघतो तर काय' किंवा 'आणि शेवटी' हेच भाषांतर. टी-डबल-ओ वाला: 'आय ॲम ओन्ली टू हॅपी टू हेल्प.' याचा अर्थ जेमतेम आनंद असा नाही, अगदी मनापासून आनंद. 'आय नो इट ओन्ली टू वेल' म्हणजे मला ते पुरतं ठाऊक आहे, आणि बोलणाऱ्याचे त्यात बहुधा हात पोळलेले असतात.

'जस्ट' आणि 'मिअरली' वापरले तर?

'जस्ट' घरगुती, पण त्याला 'नुकतंच' हा दुसरा अर्थ आहे, म्हणून जिथे घोटाळा होईल तिथे 'ओन्ली' बरा. 'मिअरली'त थोडा तुच्छपणा असतो, 'नुसता कारकून' मधल्या 'नुसता'सारखा. माणसांबद्दल जपून.

'ओन्ली' म्हणजे 'पण' असंही वाचलं. हे कसं?

'आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम.' आलो असतो, पण वेळ नाही. हा जोडशब्द 'ओन्ली', आणि मराठी माणसाला तो कळायला क्षणाचाही वेळ लागू नये, कारण आपण जेवायला बसल्यावर तो रोज वापरतो: 'सगळं छान झालंय, फक्त मीठ जरा कमी आहे.' इथला 'फक्त' मोजत नाही, आधीच्या वाक्यातून एक तक्रार बाहेर काढतो. 'मात्र'ही हेच करतो हे वर आलंच आहे.

गंमत म्हणजे इंग्रजी 'बट'ने उलट दिशेने हाच प्रवास केला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'बाहेर, वगळून' असा होता. म्हणून जुन्या वळणाच्या इंग्रजीत 'ही इज बट अ चाइल्ड' म्हणजे 'तो फक्त लहान मूल आहे', आणि 'ऑल बट वन' म्हणजे एक सोडून सगळे. बाहेर ठेवणारा शब्द 'पण' होतो आणि 'पण'वाला शब्द 'फक्त', दोन्ही भाषांत.

वापरायचा कसा? 'ओन्ली'च्या आधी स्वल्पविराम द्या, नाहीतर वाचणारा त्याला पुढच्या 'आय'शी जोडेल आणि 'फक्त माझ्याकडे वेळ नाही' असा अर्थ काढेल. आणि हा प्रयोग बोलण्यातला आहे. रजेच्या अर्जात तिथे सरळ 'बट' लिहा.